ऑटोमॅटिक गाडीतलं ‘पॉवर’ बटण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बऱ्याच ऑटोमॅटिक गाड्यांत गिअर लिव्हरच्या आसपास ‘पीडब्ल्यूआर’, ‘पॉवर’, ‘एस’ किंवा ‘स्पोर्ट’ असं लिहिलेलं एक बटण असतं. काही जण गाडी घेतल्यापासून त्याला हात लावत नाहीत, काही जण ते कायम दाबलेलंच ठेवतात. दोन्हीत तोटा आहे. योग्य वेळी वापरलं तर गाडी चढावर दमत नाही, ओव्हरटेक करताना ऐन वेळी गिअर शोधत बसत नाही आणि गिअरबॉक्सवरचा ताणही कमी होतो.

खालची उत्तरं मुख्यतः टॉर्क कन्व्हर्टरवाल्या (म्हणजे इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सकडे पाठवणाऱ्या), इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असलेल्या नेहमीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससाठी आहेत. सीव्हीटी, ड्युअल क्लच, एएमटी आणि हायब्रिडबद्दल पुढे स्वतंत्र उत्तर आहे.

पॉवर बटण दाबल्यावर इंजिनाची ताकद वाढते का?

नाही. इंजिन तेच, इंधन तेच, कमाल ताकदही तीच. बदलतं ते इतकंच, की ती ताकद तुमच्या हाती केव्हा येते.

इंजिनाची ताकद टॉर्क (फिरवण्याचा जोर) आणि दर मिनिटाचे फेरे (आरपीएम) या दोहोंवर ठरते. न्यूटन मीटरमधला टॉर्क गुणिले आरपीएम, भागिले ९,५४९ केलं की उत्तर किलोवॉटमध्ये मिळतं. समजा इंजिन २,००० आणि ४,००० आरपीएमला सारखाच १५० न्यूटन मीटर टॉर्क देतंय. २,००० ला ताकद होते सुमारे ३१ किलोवॉट आणि ४,००० ला सुमारे ६३. पॉवर मोड गाडीला खालच्या गिअरमध्ये जास्त वेळ ठेवतो, त्यामुळे इंजिन या दुसऱ्या आकड्याच्या जवळपास फिरत राहतं. ‘पिकअप वाढला’ असं वाटतं ते यामुळेच.

मग आतमध्ये नेमकं काय बदलतं?

गिअरबॉक्सच्या कंट्रोल युनिटमध्ये गिअर बदलण्याचा एक तक्ता साठवलेला असतो. अ‍ॅक्सिलरेटर किती दाबलाय आणि गाडीचा वेग किती आहे, या दोन गोष्टी पाहून युनिट गिअर ठरवतं. प्रत्येक गिअरसाठी दोन रेषा असतात, एक वरच्या गिअरमध्ये जाण्याची आणि एक खाली उतरण्याची. बटण दाबलं की युनिट दुसरा तक्ता उघडतं. त्यात या दोन्ही रेषा जास्त वेगाच्या बाजूला सरकलेल्या असतात. म्हणून वरचा गिअर उशिरा पडतो आणि खालचा गिअर पेडलवर थोडाच जोर दिला तरी पडतो.

आकड्यांनी बघू. एका चार गिअरच्या गाडीत दुसऱ्या गिअरचं प्रमाण १.५३, तिसऱ्याचं १, डिफरन्शियलचं ४ आणि चाकाचा परीघ १.९ मीटर धरा. पेडल निम्मं दाबलेलं आहे. नॉर्मल मोडमध्ये समजा ताशी ५० किलोमीटरला तिसरा गिअर पडतो. त्या क्षणी इंजिन सुमारे २,७०० आरपीएमवर असतं आणि गिअर पडल्यावर सुमारे १,७५० वर येतं. पॉवर मोडमध्ये तोच गिअर ६५ ला पडला, तर इंजिन सुमारे ३,५०० पर्यंत चढतं आणि उतरतं ते २,३०० च्या आसपास. खरा फायदा या शेवटच्या आकड्यात आहे. गिअर बदलल्यावर १,७५० ला बऱ्याच पेट्रोल इंजिनांचा जीव नसतो, २,३०० ला ती नेटानं ओढतात. (हे गणित कन्व्हर्टरची घसरण सोडून केलंय. तुमच्या गाडीचे आकडे वेगळे येतील.)

दुसरा बदल लॉक-अपमध्ये होतो. टॉर्क कन्व्हर्टर तेलातून ताकद पुढे पाठवतो, त्यामुळे त्यात थोडी घसरण असतेच. ठरावीक वेगानंतर आतला लॉक-अप क्लच बसतो आणि इंजिन व गिअरबॉक्स एकमेकांना घट्ट जोडले जातात. पॉवर मोडमध्ये हा क्लच बहुतेक गाड्यांत उशिरा बसतो.

तिसरा बदल सगळ्या गाड्यांत नसतो. ज्यांत अ‍ॅक्सिलरेटरला केबल नसून सगळं इलेक्ट्रॉनिक आहे, तिथे पॉवर मोड पेडलचा प्रतिसादही तीक्ष्ण करू शकतो. पेडल तेवढंच दाबलं तरी थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) जास्त उघडतो. बटण दाबताक्षणी गाडी ‘हलकी’ झाल्यासारखी वाटते ती यामुळे, पण यात ताकदीची भर काहीच नाही. पेडल आणखी थोडं दाबलं असतं तर नॉर्मलमध्येही तेच झालं असतं.

पेडल तळापर्यंत दाबलं की दोन्ही मोडमध्ये गाडी सारखीच पळते. बटण बिघडलंय का?

बटण ठीक आहे. पेडल पूर्ण दाबल्यावर युनिटला तुमचा हेतू स्पष्ट कळतो, म्हणून ते नॉर्मलमध्येही जमेल तितका खालचा गिअर देतं आणि आरपीएमच्या काट्यावरच्या लाल रेषेच्या अलीकडेपर्यंत धरून ठेवतं. याला किकडाउन म्हणतात. पुष्कळ गाड्यांत पूर्ण पेडलला दोन्ही तक्त्यांतले आकडे एकच किंवा जवळजवळ एकच असतात.

बटणाचं काम पेडलच्या मधल्या टप्प्यात असतं, साधारण पाव ते पाऊण दाबलेल्या पेडलवर. बटणाची परीक्षा घ्यायची तर तिथेच घ्या.

पॉवर मोड कधी वापरावा?

सगळ्यात मोठा उपयोग लांब चढावर होतो, आणि त्याचं कारण नीट समजून घेण्यासारखं आहे.

चढावर नॉर्मल मोडमध्ये काय होतं ते पाहा. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये चढतेय. वळण आलं, तुम्ही पाय थोडा उचलला. युनिटला वाटतं आता जोर नको, म्हणून ते चौथा गिअर टाकतं. वळण संपलं, चढ तसाच आहे, पण चौथ्यात गाडी ओढत नाही. तुम्ही पेडल दाबता, पुन्हा तिसरा. पुढच्या वळणावर हेच परत. दर मिनिटाला चार-पाच वेळा गिअर खाली-वर होत राहतो. प्रत्येक बदलात गिअरबॉक्समधल्या क्लचपट्ट्या क्षणभर घासतात, लॉक-अप सुटतो, कन्व्हर्टर घसरत राहतो आणि ही सगळी झीज उष्णता होऊन गिअरबॉक्सच्या तेलात उतरते. हे तेल, म्हणजे एटीएफ, नेहमीच्या वापरात ८० ते ९५ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. १२० च्या वर ते बराच काळ राहिलं, तर त्याचं आयुष्य झपाट्यानं घटतं.

पॉवर मोडमध्ये वरची रेषा दूर सरकलेली असते. वळणावर पाय उचलला तरी तिसरा गिअर टिकतो. इंजिनाचा आवाज वाढतो, त्यामुळे लोकांना वाटतं गाडीवर अत्याचार चाललाय. पण अशा वेळी ३,००० आरपीएमवर एकसुरात फिरणारं इंजिन हे १,६०० वर गुदमरत, गिअरची ये-जा सोसणाऱ्या इंजिनापेक्षा सुखात असतं. गिअरबॉक्सचं तर विचारूच नका.

हाच हिशेब आणखी काही ठिकाणी लागू पडतो. गाडी माणसांनी आणि सामानानं पूर्ण भरलेली असताना, किंवा मागे ट्रेलर जोडलेला असताना पॉवर मोड वापरा. उंच डोंगराळ भागात विरळ हवेमुळे टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर १,००० मीटरला ढोबळमानानं दहावा हिस्सा कमी होते. तिथे नॉर्मलचा तक्ता गाडीला फार लवकर वरच्या गिअरमध्ये ढकलतो, म्हणून पॉवर मोड बरा.

चढ संपला, ओझं उतरलं की बटण बंद करा. सपाट रस्त्यावर ओव्हरटेक सोडला तर त्याचा फारसा उपयोग नाही.

ओव्हरटेक करताना बटण कधी दाबायचं?

ओव्हरटेक सुरू करायच्या आधी, सुरू झाल्यावर नाही. पुढचा रस्ता मोकळा होत असल्याचं दिसलं की अजून पुढच्या गाडीच्या मागे असतानाच बटण दाबा. काही गाड्यांत गिअर लगेच एक खाली येतो, काहींत पेडल थोडं दाबल्यावर येतो. आरपीएम वाढून स्थिरावल्याचं काट्यावर पाहा आणि मगच बाहेर या.

नॉर्मलमध्ये बाहेर येऊन मग पेडल तळाशी नेलं, तर युनिटला आधी लॉक-अप सोडावा लागतो, मग एक किंवा दोन गिअर उतरावे लागतात. जुन्या चार गिअरच्या गाड्यांत यात एखादा सेकंद सहज जातो. ताशी ८० ला एका सेकंदात गाडी २२ मीटर पुढे जाते. समोरून येणारीही तितकीच. ते ४४ मीटर तुमच्या बाजूनं असावेत.

कधी वापरू नये?

ओल्या, चिखलाच्या किंवा बर्फाच्या रस्त्यावर. पाय जरा जास्त पडला आणि गिअर अचानक खाली आला, तर चाकांवर एकदम जोर येतो आणि ती सुटतात. मागची चाकं ओढणाऱ्या गाडीत तर मागचा भाग बाजूला सरकू शकतो.

थंड इंजिनावरही नाही. पुष्कळ गाड्यांत इंजिनाचं पाणी साधारण ५० ते ६० अंशांपर्यंत तापेपर्यंत युनिट सगळ्यात वरचा गिअर आणि लॉक-अप देतच नाही. म्हणजे थंडपणी गाडी तशीही ओढूनताणूनच चालत असते. त्यात पॉवर मोडची भर नको. पहिली पाच-सात मिनिटं सौम्य चालवा.

रांगत चालणाऱ्या गर्दीत बटण दाबलं तर गाडी पुढे उसळते आणि पाय उचलल्यावर मागे ओढल्यासारखी होते. मागे बसलेल्यांना मळमळतं, आणि इंधनही वाया जातं.

एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. रिव्हर्समध्ये सहसा एकच गिअर असतो, त्यामुळे तक्त्याचा प्रश्न तिथे येत नाही. पण पेडलचा प्रतिसाद तीक्ष्ण करणाऱ्या काही गाड्यांत तो रिव्हर्समध्येही तीक्ष्णच राहतो. अरुंद जागेत गाडी लावण्यापूर्वी मोड नॉर्मलवर आणा.

उतारावर पॉवर मोडनं इंजिन ब्रेकिंग मिळतं का?

त्यावर विसंबू नका. जुन्या गाड्यांत उतारावर पाय पेडलवरून पूर्ण काढला, की पॉवर मोडमध्येही युनिट वरचा गिअर टाकतं, कारण पेडल शून्यावर आहे. नव्या गाड्यांतले स्पोर्ट मोड बऱ्याचदा गिअर धरून ठेवतात, काही तर ब्रेक दाबल्यावर स्वतः खालचा गिअर देतात. तरी लांब उतारावर लिव्हर ‘३’, ‘२’ किंवा ‘एल’ वर आणणं, किंवा मॅन्युअल मोडमध्ये जाऊन वजाच्या बाजूनं गिअर उतरवणं, हाच खात्रीचा मार्ग. ढोबळ नियम असा, की ज्या गिअरमध्ये चढ चढलात, त्याच गिअरमध्ये तो उतरा. ब्रेक तापून निकामी होण्याचा धोका त्यानं पुष्कळ कमी होतो.

मायलेज किती कमी होतं?

ते चालवण्यावर अवलंबून आहे. मोकळ्या रस्त्यावर एकाच वेगानं जाताना गाडी वरच्या गिअरमध्ये आणि लॉक-अपमध्ये असेल, तर दोन्ही मोडमध्ये आरपीएम सारखाच आणि इंधनही सारखंच. बटण दाबल्यावर काट्यात फरक पडला नाही, तर खर्चातही पडलेला नाही. फरक पडतो तो शहरात, वारंवार वेग वाढवताना-कमी करताना, आणि ताशी ४० ते ७० च्या पट्ट्यात, जिथे पॉवर मोड लॉक-अप किंवा वरचा गिअर रोखून धरतो.

चालत्या गाडीत बटण दाबलं तर चालतं का?

चालतं. तक्ता बदलणं हे युनिटचं काम आहे, त्यासाठी थांबायची किंवा न्यूट्रलमध्ये जायची गरज नाही. फक्त पेडल निम्म्याहून जास्त दाबलेलं असताना बटण दाबलं तर गिअर लगेच खाली येऊन गाडी झेपावू शकते. वळणाच्या मध्यावर हे करू नका.

जुन्या गाड्यांतलं बटण दाबलं की आत बसतं आणि गाडी बंद केली तरी तसंच राहतं. नव्यांतलं बहुधा स्पर्शापुरतं असतं आणि इंजिन बंद केलं की मोड नॉर्मलवर येतो. जुनी गाडी दुसऱ्या कुणी चालवली असेल तर निघताना बटणाकडे एक नजर टाकायची सवय ठेवा.

ओ/डी ऑफ, होल्ड, स्नो, ‘डब्ल्यू’ ही बटणं म्हणजे पॉवर मोडच का?

नाही, प्रत्येकाचं काम वेगळं आहे.

‘ओ/डी ऑफ’ म्हणजे ओव्हरड्राइव्ह बंद. सगळ्यात वरचा गिअर तेवढा वर्ज्य होतो, बाकी तक्ता नॉर्मलचाच राहतो. चार गिअरच्या गाडीत ट्रेलर ओढताना किंवा चढावर तिसऱ्या-चौथ्यात ये-जा चालली असेल, तर पॉवरपेक्षा हेच बटण जास्त नेमकं काम करतं. दोन्ही एकत्र वापरायलाही हरकत नाही.

‘स्नो’, हिमकणाचं चिन्ह किंवा ‘डब्ल्यू’ म्हणजे गाडी दुसऱ्या गिअरमध्ये सुटणार, म्हणजे चाकांवर जोर कमी पडणार. हा पॉवरच्या अगदी उलट आहे.

‘होल्ड’ किंवा ‘मनू’ (मॅन्युअल) लिव्हरवर निवडलेला गिअर धरून ठेवतं. प्रत्येक उत्पादकाची यामागची रीत थोडी निराळी असते, म्हणून गाडीसोबतची पुस्तिका पाहा.

जुन्या टोयोटा गाड्यांत ‘ईसीटी पीडब्ल्यूआर’ असं दिसतं. ईसीटी म्हणजे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असलेला गिअरबॉक्स. ही अक्षरं महत्त्वाची आहेत, कारण ज्या जुन्या गिअरबॉक्समध्ये गिअर निव्वळ तेलाच्या दाबावर आणि गव्हर्नरवर (गाडीच्या वेगानुसार दाब बदलणाऱ्या यांत्रिक भागावर) बदलतात, तिथे तक्ता बदलायला युनिटच नसतं.

सीव्हीटी, ड्युअल क्लच, एएमटी आणि हायब्रिडमध्ये काय होतं?

सीव्हीटीत पायऱ्यांचे गिअर नसतात, पट्टा आणि पुली असतात. पॉवर किंवा स्पोर्टमध्ये युनिट त्याच वेगाला इंजिनाचे फेरे जास्त ठेवतं. काही गाड्या खोट्या पायऱ्याही निर्माण करतात, त्या फक्त चालवण्याच्या अनुभूतीसाठी.

ड्युअल क्लचमध्ये, म्हणजे दोन क्लच आळीपाळीनं वापरणाऱ्या गिअरबॉक्समध्ये, ‘एस’ वर गिअर उशिरा बदलतात आणि उतरतात लवकर. पण कोरड्या (तेलात न बुडालेल्या) क्लचच्या गाडीत चढावर रांगत असताना कुठलाही मोड क्लचला वाचवत नाही. तिथे पुढच्या गाडीशी अंतर वाढू द्या आणि एकदम पुढे जा.

एएमटी म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच आणि गिअर यंत्र चालवतं. पॉवर मोडमध्ये गिअर वरच्या फेऱ्यांना बदलतात, त्यामुळे झटका जास्त जाणवू शकतो. बदलाच्या क्षणी पेडल किंचित सैल सोडलं तर तो पुष्कळ कमी होतो.

टोयोटा प्रियसच्या धाटणीच्या हायब्रिडमध्ये बदलायला गिअरच नसतात. तिथला पॉवर मोड मुख्यतः पेडलचा प्रतिसाद बदलतो.

टर्बो डिझेल गाडीत पॉवर मोडचा तितकाच उपयोग होतो का?

बहुधा कमी. टर्बो डिझेलचा टॉर्क साधारण १,८०० ते २,५०० आरपीएमच्या दरम्यान शिखरावर असतो. पॉवर मोड इंजिनाला ३,५०० च्या पुढे नेऊन ठेवत असेल, तर आवाज वाढतो आणि ओढ फारशी वाढत नाही. पण नॉर्मलमध्ये गाडी १,५०० च्या खाली जाऊन टर्बो थंडावत असेल, तर पॉवर मोड तिला पुन्हा योग्य पट्ट्यात आणतो. काट्याकडे बघा. चढावर २,००० ते २,८०० मध्ये गाडी राहते, तो मोड तुमच्यासाठी बरोबर.

सतत पॉवर मोडमध्ये चालवल्यानं गिअरबॉक्स खराब होतो का?

निरोगी गिअरबॉक्स केवळ त्यामुळे खराब होत नाही. लाल रेषा ओलांडायच्या आधी युनिट वरचा गिअर टाकतंच. पण लॉक-अप उशिरा बसत असल्यानं शहरात तेल थोडं जास्त तापतं, आणि जास्त फेऱ्यांना होणाऱ्या गिअरबदलात क्लचपट्ट्यांना जास्त काम पडतं. ज्या गिअरबॉक्सचं तेल वर्षानुवर्षं बदललेलं नाही, त्याला हे सोसत नाही.

एक लक्षण मात्र गंभीरपणे घ्या. पेडल दाबल्यावर आरपीएम झपकन वर जातो, पण वेग त्या मानानं वाढत नाही, आणि गिअर पडल्यावर क्षणभर इंजिन मोकळं सुटल्यासारखं होतं. याचा अर्थ क्लच घसरतोय. असं दिसलं तर पॉवर मोड त्या दिवसापासून बंद, आणि तेलाची पातळी आधी तपासा.

तेल कसं तपासायचं?

डिपस्टिक असलेल्या बहुतेक गाड्यांची रीत अशी. किमान १५ ते २० किलोमीटर चालवून तेल तापू द्या. गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, इंजिन चालूच ठेवा. ब्रेकवर पाय ठेवून लिव्हर पी पासून एल पर्यंत आणि परत, प्रत्येक ठिकाणी दोन-तीन सेकंद थांबवत फिरवा. पी वर आणून डिपस्टिक काढा, न सुटणाऱ्या धाग्यांचं कापड घेऊन पुसा, पुन्हा पूर्ण आत घाला आणि काढा. पातळी ‘हॉट’ च्या दोन खुणांमध्ये हवी. होंडाच्या बऱ्याच गाड्यांत मात्र इंजिन बंद करून मिनिटभरात पाहायची असते. म्हणून पुस्तिकेत लिहिलं असेल तेच खरं.

पातळी कमी असली तर पंप हवा ओढतो, दाब पडतो आणि क्लच घसरतात. जास्त असली तर फिरणारे भाग तेल घुसळून फेस करतात, आणि लक्षणं अगदी तीच दिसतात. म्हणून ‘थोडं जास्त असलेलं बरं’ हा नियम इथे चालत नाही.

नवं तेल सहसा लाल आणि पारदर्शक असतं. तपकिरी झालं म्हणजे जुनं झालं. काळपट आणि करपलेल्या वासाचं असेल तर आत पट्ट्या जळताहेत. खालचा बोल्ट काढून तेल सोडलं तर निम्म्यापेक्षा जास्त तेल कन्व्हर्टरमध्ये आणि आतल्या मार्गांत राहू शकतं, त्यामुळे एकदा बदलून रंग पूर्ण सुधारला नाही तर आश्चर्य नको. तेलाची जात पुस्तिकेत दिलेलीच घाला. सीव्हीटीचं तेल आणि नेहमीचं एटीएफ एकमेकांच्या जागी चालत नाही.

बटण दाबूनही काहीच फरक पडत नाही. कुठून तपासायचं?

आधी परीक्षा नीट घ्या. इंजिन पूर्ण तापलेलं हवं. मोकळ्या, सपाट रस्त्यावर डी मध्ये उभ्या स्थितीतून पेडल निम्म्यावर धरून निघा आणि दुसऱ्याचा तिसरा होताना आरपीएम किती होता ते सोबत बसलेल्याला लिहून घ्यायला सांगा. नॉर्मलमध्ये तीन वेळा, पॉवरमध्ये तीन वेळा. फरक ३०० आरपीएमपेक्षा जास्त असेल तर बटण काम करतंय.

फरक नसेल तर डॅशबोर्डवर दिवा लागतो का ते पाहा. दिवा लागत नाही आणि गिअरही बदलत नाहीत, तर बटणाचा संपर्क किंवा तिथपर्यंतची तार संशयित. लिव्हरवरच्या बटणाची तार लिव्हरच्या हालचालीनं वाकून वाकून तुटते, आणि कन्सोलमध्ये सांडलेला चहा-कॉफी किंवा सरबत बटणाचे संपर्क चिकट करतो. दिवा लागत नाही पण गिअर उशिरा पडतात, तर फक्त बल्ब गेलाय. दिवा लागतो पण गिअर तसेच, तर युनिट बहुधा बिघाडामुळे सुरक्षित मोडमध्ये गेलंय किंवा थ्रॉटल सेन्सर चुकीचा आकडा देतोय. स्कॅनर लावून युनिटमध्ये साठवलेले बिघाडाचे कोड वाचा.

बटण बंद आहे, तरी गाडी पॉवर मोडमध्ये असल्यासारखी गिअर उशिरा टाकते. का?

यात चार गोष्टी नेहमी सापडतात, आणि त्या स्वस्तातल्या क्रमानं तपासाव्यात.

पहिली, ब्रेकच्या दिव्याचा स्विच. ब्रेक दाबला की युनिट लॉक-अप सोडतं. स्विच सरकलेला असेल तर युनिटला ब्रेक कायम दाबलेला वाटतो आणि लॉक-अप बसतच नाही. मोकळ्या रस्त्यावर आरपीएम काही शेकड्यांनी जास्त दिसतो. मागचे ब्रेकदिवे पाय न लावता पेटलेत का, एवढं पाहिलं की पुष्कळदा उलगडा होतो.

दुसरी, उघडा अडकलेला थर्मोस्टॅट (इंजिनाच्या पाण्याचं तापमान राखणारी झडप). इंजिन पूर्ण तापतच नाही, म्हणून युनिट वरचा गिअर रोखून धरतं. तापमानाचा काटा मोकळ्या रस्त्यावर खाली येत असेल तर हेच कारण.

तिसरी, थ्रॉटल सेन्सर. ५ व्होल्टवर चालणाऱ्या नेहमीच्या सेन्सरचा आउटपुट पेडल मोकळं असताना सुमारे अर्धा व्होल्ट आणि पूर्ण दाबल्यावर ४ च्या वर असतो. मधे तो एकसारखा चढायला हवा. मोकळ्या पेडलला एक-दीड व्होल्ट येत असेल, तर युनिटला वाटतं तुम्ही पेडल दाबलेलंच आहे.

चौथी, केबल. काही जुन्या गिअरबॉक्समध्ये थ्रॉटलपासून गिअरबॉक्सपर्यंत वेगळी केबल जाते. ती जास्त ताणली गेली तर दाब वाढून गिअर झटक्यानं पडतात, निव्वळ तेलदाबावरच्या गिअरबॉक्समध्ये ते उशिराही पडतात. सैल सुटली तर त्याहून वाईट. गिअर मऊ पडतात, चालवायला छान वाटतं, आणि कमी दाबामुळे पट्ट्या जळत असतात.

बॅटरी काढून पुन्हा जोडल्यानंतर काही दिवस गिअर विचित्र वाटले तर घाबरू नका. युनिटनं शिकलेली जुळणी पुसली जाते आणि ती नव्यानं शिकायला थोडा वेळ लागतो.

‘पॉवर’ किंवा ‘ओ/डी ऑफ’ चा दिवा लुकलुकतोय. काय करू?

स्थिर दिवा मोड सांगतो, लुकलुकणारा बिघाड सांगतो. वेगळा इशारादिवा नसलेल्या पुष्कळ गाड्यांत याच दिव्यांकडून ते काम करून घेतलेलं असतं. जुन्या टोयोटांत ‘ओ/डी ऑफ’ लुकलुकतो, होंडांत ‘डी’ किंवा ‘डी४’, आणि एएल४ गिअरबॉक्सच्या प्यूजो-सिट्रोएन गाड्यांत ‘एस’ आणि हिमकण हे दोन्ही दिवे एकदम. सोबत गाडी एकाच गिअरमध्ये, बहुधा तिसऱ्यात, अडकलेली असेल तर युनिटनं स्वतःला वाचवण्यासाठी तसं केलंय.

सुरक्षित जागी थांबा, इंजिन बंद करून पुन्हा चालू करा. दिवा गेला तरी कोड साठवलेला राहतो, तो वाचून घ्याच. दिवा परत आला तर मंद वेगानं जवळच्या गॅरेजपर्यंत जा. चढ आणि ओझं टाळा, कारण उभ्या स्थितीतून तिसऱ्या गिअरनं सुटताना कन्व्हर्टर खूप घसरतो आणि तेल लवकर तापतं.

माझ्या नव्या गाडीत असं बटणच नाही. मग?

नव्या युनिट्स पेडल किती वेगानं दाबलं, चढ किती आहे, वळणात आहोत का, हे स्वतः मोजतात आणि तक्ता आपोआप बदलतात. तुम्ही पेडल झटक्यात दाबलंत की तीच पॉवर मोडची खूण समजली जाते. काहींत लिव्हर डी वरून एस वर नेला की तेच होतं, काहींत ड्राइव्ह मोडच्या चकतीत ‘स्पोर्ट’ असतो. चकतीवरचा ‘स्पोर्ट’ बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंगचा जडपणा, आणि जिथे सोय असेल तिथे सस्पेन्शनही बदलतो. तुम्हाला फक्त गिअर धरून ठेवायचे असतील तर लिव्हरचा एस किंवा मॅन्युअल मोड पुरेसा आहे.

वापरलेली ऑटोमॅटिक गाडी घेताना या बटणावरून काही कळतं का?

बरंच कळतं. गाडी तापल्यावर वरची निम्म्या पेडलची परीक्षा दोन्ही मोडमध्ये घ्या. नॉर्मलमध्ये विक्रेता सौम्य चालवून दाखवतो आणि दमलेल्या पट्ट्याही तेवढं निभावून नेतात. पॉवरमध्ये गिअर जास्त फेऱ्यांना, जास्त टॉर्कखाली पडतो, आणि घसरण असेल तर आरपीएमचा काटा गिअर बदलताना खाली यायच्या आधी क्षणभर वर उडी मारतो. ती उडी पाहा. नंतर चाव्या फिरवताना, इंजिन चालू व्हायच्या आधी, सगळे दिवे एकदा पेटतात का ते बघा. पॉवरचा किंवा ओ/डी चा दिवा पेटतच नसेल तर बल्ब गेला असेल, किंवा लुकलुकणं लपवण्यासाठी तो काढलेला असेल. स्कॅनर लावल्याशिवाय अशा गाडीचा सौदा करू नका.